जगाचा नागरिक आणि गावातलं बंद दार
जागतिक नागरिकत्व हा शब्द आता डी.एड.-बी.एड.च्या वर्गात आला आहे. आपल्या खानदेशात मात्र हा धडा जुना आहे. आपल्या पिंप्राळ्याहून अमळनेर काही लांब नाही. तिथल्या हायस्कुलात १९२४ ते १९३० साने गुरुजी शिकवत; वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. पुढे त्यांनी आंतरभारतीचं स्वप्न मांडलं: प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांना ओळखावं. आणि १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून हेच गुरुजी उपोषणाला बसले. आम्ही या दोन्हींना एकच शिक्षण मानतो. दूरच्या माणसाला बंधू म्हणणं सोपं. शेजाऱ्याला आपणच बंद केलेलं दार दिसणं अवघड. शिक्षक घडवताना आपण पहिलं शिकवतो आणि दुसरं परीक्षेला नाही म्हणून सोडून देतो.