एका बिडीचा टायमर

‘टर्बो’ हा शब्द मी आयुष्यात प्रथम वाचला तो एका ट्रकच्या कपाळावर. खाली लिंबू-मिरची लोंबत होती आणि वर हा शब्द. घाट चढताना दोहोंपैकी नेमके काय कामाला येते, यावर ट्रकवाल्यांतही एकमत नव्हते. पुढे हाच शब्द दाढीच्या पात्यांवर आला, टेबलफॅनवर आला. आता फक्त च्यवनप्राशावर यायचा राहिला आहे.

या शब्दामागचे यंत्र शोधले आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराने. स्विस म्हणजे एका हाताला घड्याळ आणि दुसऱ्या हाताला बँक! इंजिनाच्या धुराबरोबर एवढी उष्णता आणि एवढा जोर फुकट बाहेर जातो, हे त्याला बघवेना. आमच्या भाषेत ही बुडीत कर्जे. १९०५ साली त्याने या बुडीत खात्यातून वसुली करण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या वाटेत एक पंखा बसवायचा, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते, म्हणून तेवढ्याच इंजिनातून ताकद जास्त. कल्पना इतकी सरळ, पण अंगी लागायला वीसेक वर्षे गेली. (बँकेतली वसुलीही साधारण याच वेगाने होते.) १९२०च्या दशकाच्या मध्याला दोन जर्मन प्रवासी बोटींच्या डिझेल इंजिनांवर ही करामत बसली, आणि १७५० अश्वशक्तीचे इंजिन २५०० देऊ लागले.

तिकडे अमेरिकेत सॅनफर्ड मॉस नावाच्या गृहस्थाने १९१८ साली विमानाचे इंजिन चक्क ट्रकवर घातले आणि पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच डोंगरावर नेले. उंचावर हवा विरळ, त्यामुळे इंजिनाला धाप लागते. टर्बो लावल्यावर ती लागत नाही, हे त्याला दाखवायचे होते. त्याने ते दाखवले.

आता गंमत बघा. बोट बंदराला लागण्याआधी कितीतरी वेळ हळू होते. विमान उतरते, मग धावपट्टीवरून रेंगाळत जाते. त्यामुळे तिथे टर्बोला निवायला आपसूक सवड मिळते. आमच्या लहानपणी मिरजेच्या फलाटावर डिझेल इंजिन तासतासभर नुसते ‘धडधड, धडधड’ करीत उभे असे. देशाचे डिझेल असे फुकट जाळतात म्हणून आमचे वडील दरवेळी हळहळत. त्या इंजिनालाही टर्बो असायचा. पण ते चालू ठेवण्याचे मुख्य कारण वेगळे होते: गाडीच्या ब्रेकसाठी हवेचा दाब टिकवायचा असतो आणि एवढे धूड बॅटरीवर पुन्हा पुन्हा सुरू करणे जिवावर येते. तरी टर्बोला त्याचा फायदा मिळायचाच.

माणसाच्या मोटारीचे तसे नाही. ती ताशी शंभरने येते, कचकन थांबते, चावी फिरते, आणि मालक “बायको वाट पाहत असेल” म्हणत, किंवा ती वाट पाहत असेल या भीतीने, जिना चढू लागतो.

इथे घोटाळा होतो. टर्बोचा तो दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. लहान टर्बोचा तर दोन लाखांच्याही घरात जातो. एवढ्या वेगात तो टिकतो तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो म्हणून. पूर्ण जोरात पळणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा धूर नऊशे अंशांच्या आसपास तापलेला असतो, डिझेलचा त्याहून कमी. चावी फिरवली की इंजिन थांबते, इंजिनाबरोबर तेलाचा पंप थांबतो, पण लालबुंद पंख्याची धग थांबत नाही. ती दांड्यावाटे बेअरिंगमध्ये उतरते आणि तिथे अडकलेले तेल करपते. ज्याच्या घरी बिडाचा तवा आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. घावन काढून झाल्यावर गॅस बंद केला तरी तव्याच्या कडेचे तेल काळे, चिकट होत जाते आणि पुढे ते उलथन्यानेसुद्धा निघत नाही. टर्बोत असे थरावर थर साचले की तेलाची वाट बुजते, आणि एक दिवस शिट्टी वाजवणारा टर्बो किंचाळू लागतो.

मोटारींना टर्बो चिकटला तो १९६२ साली अमेरिकेत. त्यातल्या ‘ओल्ड्समोबील जेटफायर’ची कथा मला फार आवडते. तिच्या इंजिनात दाबलेली हवा फार तापून नको तिथे स्फोट होऊ नये म्हणून पाणी आणि मिथाइल अल्कोहोल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून पाजावे लागे. मालक मंडळी ती टाकी भरायला विसरत. मग गाडी आपोआप संथ होई, आणि मालक कंपनीला शिव्या घालत. शेवटी कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली. ग्राहकाच्या हाती एकही जास्तीचे काम देऊ नये, हा धडा आमच्या बँकेला पासबुक-छपाईच्या यंत्रापाशी रोज मिळतो.

१९७३ साली ‘बीएमडब्ल्यू’ने ‘२००२ टर्बो’ काढली. तिच्या पुढच्या पट्टीवर ‘टर्बो’ हा शब्द उलटा लिहिलेला असे, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटा दिसावा आणि त्याने मुकाट्याने बाजू द्यावी. आमच्या ट्रकवाल्यांपेक्षा एक पाऊल पुढे! पण त्याच वर्षी तेलसंकट आले आणि उण्यापुऱ्या १६७२ गाड्यांवर हा उद्योग आटोपला. मग पोर्शे आली, साब आली, आणि १९७९ च्या अखेरीस जपानमध्ये निस्सानने टर्बो गाडी काढली. जपानी माणूस वेळेचा पक्का. तिथल्याच हौशी लोकांच्या बाजारात ऐंशीच्या दशकात ‘टर्बो टायमर’ ही डबी बोकाळली. चावी काढा, दार लावा, घरी जा. इंजिन मात्र ठरवलेली एक-दोन मिनिटे रिकामे चालते आणि आपले आपण बंद होते. मालकाने थांबण्याऐवजी गाडीने थांबावे, एवढाच तिचा अर्थ.

मी हे सगळे वाचले ते हौसेने नव्हे. आमच्या साडूभाऊंच्या दोन जुन्या डिझेल गाड्या भाड्याने धावतात. त्यांपैकी एकीचा टर्बो गेला. गॅरेजवाल्याने अठ्ठावीस हजारांचे बिल हातात ठेवले आणि वर निकालही दिला, “ड्रायव्हर गाडी आल्या आल्या बंद करतो. टायमर बसवून घ्या, साडेचार हजार.” साडूभाऊंनी निकालाचा पहिला भाग लगेच उचलला आणि ड्रायव्हरच्या पगारातून महिना दोन हजार कापायचे ठरवले. चौदा महिने! ड्रायव्हरची मुलगी तेव्हा बारावीला होती.

“साहेब, मी आधी ट्रकवर होतो,” ड्रायव्हर मला म्हणाला. “आमच्या उस्तादाचा नियमच होता. घाट चढून गाडी लावली की एक बिडी ओढून होईस्तोवर इंजिन बंद करायचं नाही. आता बिडी सुटली, पण तेवढा वेळ मी थांबतोच की.”

जपान्यांनी डबीत घातले ते या उस्तादाने बिडीत घातले होते. मी साडूभाऊंकडे गाडीचे सर्व्हिस बुक मागितले. इंजिनातले मला कळत नसेल, पण नोंदी वाचणे हा माझा चोवीस वर्षांचा धंदा आहे. तेल दर दहा हजार किलोमीटरला बदलावे असे छापलेले. शेवटची नोंद ४१,००० ची. आणि मीटर दाखवत होता ६८,०००. सतरा हजार किलोमीटरची थकबाकी! अशा डांबरासारख्या तेलावर टायमर काय, तास लावला तरी दांडा वाचत नाही.

“अहो साडू, पण गॅरेजवाला सांगतो ते खोटं का?” साडूभाऊंनी विचारले.

खोटे नाही, जुने आहे. ऐंशीच्या दशकातच टर्बोच्या मधल्या भागाभोवती पाणी खेळवायला सुरुवात झाली. यातली खुबी अशी की इंजिन बंद झाले तरी तापलेले पाणी वर चढते, थंड त्याच्या जागी येते. गच्चीवरच्या सौर बंबात चालते तसेच, बिनपंपाचे. काही गाड्यांत तर चावी काढल्यावरही विजेचा छोटा पंप काही मिनिटे पाणी फिरवत राहतो. सिंथेटिक तेल आले, ते इतक्या सहज करपत नाही. आणि सर्वांत मोठा पुरावा कंपन्यांनी स्वतःच दिला आहे: आजच्या कित्येक टर्बो गाड्या लाल सिग्नलला आपले इंजिन आपणच बंद करतात.

साडूभाऊंच्या गाडीच्या टर्बोला पाण्याची सोय नव्हती, हे खरे. पण ती विमानतळावरून निघून शहरातल्या गर्दीत रांगत रांगत घरी येते. शेवटचे दोन किलोमीटर सावकाश आले की पंखा निवलेलाच असतो. थांबायचे ते बोरघाट पाच माणसे, सामान आणि एसीसकट चढून लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानासमोर एकदम ब्रेक मारल्यावर. तिथे मिनिट-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवावे, आणि त्याला ड्रायव्हरचे डोके पुरते. उलट टायमरवाली गाडी गिअर न घालता, नुसत्या हँडब्रेकवर, चालू इंजिनासह मालकाविना उभी राहते. उतारावर मला ते दृश्य बघवणार नाही. विलायतेत तर इंजिन चालू ठेवून गाडी सोडून जाणे हा १९८६ च्या नियमांप्रमाणे गुन्हाच आहे.

साडूभाऊ सर्व्हिस बुक बराच वेळ चाळत राहिले. पगारकपात रद्द झाली; ती “माझ्या उदार स्वभावामुळे” झाली असे ते सर्वांना सांगतात, आणि त्याला कुणी हरकत घेतलेली नाही. तेल मात्र आता वेळेवर बदलले जाते. त्याची नोंद ड्रायव्हर स्वतः करतो, तारीख आणि किलोमीटरसकट, आणि खाली माझी सही घेतो.