आठ कप चहा

दिवाळीत आमच्या घरी एक वाद ठरलेला असतो. बेसनाचा लाडू तोंडात टाकताच आई म्हणते, "हा साजूक तुपातला नव्हे." आम्ही भावंडे हसतो, आई रुसते, आणि खरे कोणाचे हे कधीच ठरत नाही. असाच एक वाद शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात झाला. तो मात्र हसण्यावारी गेला नाही. गणिताशी माझी ओळख मॅट्रिकपुरतीच. तरी वर्गात मुलांना ही हकिकत मी हटकून सांगतो.

लंडनच्या उत्तरेस हार्पेंडन गावी रॉथॅमस्टेड हे शेतकी संशोधन केंद्र आहे. कोणते खत किती घातले आणि पीक किती आले, याच्या नोंदी तिथे १८४३ सालापासून होत आल्या. त्या ढिगाऱ्याचा अर्थ लावण्यासाठी १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाच्या एकोणतीस वर्षांच्या गणितज्ञाची नेमणूक झाली. पुढे थोड्याच वर्षांत, एका दुपारी चहाच्या वेळी, फिशरने म्युरिएल ब्रिस्टल या विदुषींपुढे चहाचा कप केला. या बाई शेवाळाच्या अभ्यासक. त्यांनी कप नाकारला. आधी दूध घालून वर चहा ओतलेला असेल तरच आपल्याला आवडतो, असे त्यांचे म्हणणे.

फिशरला हसू आले. आधी दूध काय, नंतर दूध काय, चव एकच! पण तिथेच असलेले विल्यम रोच म्हणाले, बाईंची परीक्षाच घेऊ या. (या रोचसाहेबांशीच पुढे बाईंचा विवाह झाला.)

आता परीक्षा घ्यायची कशी? एकच कप दिला, तर अंदाजाने सांगूनही निम्म्या वेळा उत्तर बरोबर यायचे. १९३५ साली फिशरने प्रयोगांच्या आखणीवर ग्रंथ लिहिला, त्यात हा प्रश्न त्याने बाईंचे नाव न घेता मांडला आहे. आठ कप घ्यावेत. चारांत दूध आधी, चारांत नंतर. बाईंना हे आधीच सांगावे. पण कप कोणत्या क्रमाने द्यायचे, ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे, म्हणजे परीक्षकाच्या लहरीचा माग काढून कोणी उत्तर ओळखू नये. मग बाईंनी 'दूध आधी'चे चार कप वेगळे काढावेत.

आठांतून चार निवडण्याच्या रीती ७०. त्यांतली पूर्ण बरोबर एकच. म्हणजे बाईंना काहीच कळत नाही असे धरून चालले, तर निव्वळ नशिबाने त्या जिंकण्याचा संभव सत्तरात एक. तसे घडले, तर 'कळत नाही' हे आपले गृहीतच डळमळते. पण चारांपैकी तीन बरोबर आले तर? अशा रीती १६. पूर्ण बरोबर धरून १७. सत्तरात सतरा म्हणजे जवळजवळ चारात एक. एवढ्यावर कोणी पैज लावू नये. आणि बाई चुकल्या, तर त्या खोट्या ठरत नाहीत. एवढेच की त्यांचे म्हणणे अजून सिद्ध झालेले नाही. 'सिद्ध झाले नाही' आणि 'खोटे ठरले' यांतले अंतर शहाणीसुरती माणसेही विसरतात.

त्या दिवशीचा निकाल फिशरने ग्रंथात दिलेला नाही. रोच मात्र सांगत, की बाईंनी आपले म्हणणे खरे करून दाखवले.

चिठ्ठ्या टाकण्याची हीच रीत शेताच्या वाफ्यांना लागली. कोणत्या वाफ्यात कोणते बियाणे, हे दैवावर सोपवू लागले. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग सुखात्मे आणि पानसे यांनी शेतीच्या संख्याशास्त्रावर लिहिलेला ग्रंथ १९५४ साली निघाला, आणि शेतकी विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या.

पण या गोष्टीला एक दुखरी बाजूही आहे. १९५० साली डॉल आणि हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. पाइप ओढणाऱ्या फिशरने तो अखेरपर्यंत मान्य केला नाही. सिगारेट ओढण्याची आवड आणि रोग, दोन्हींच्या मुळाशी आनुवंशिकता असेल, असे तो म्हणे. आणि तंबाखूच्या कारखानदारांचा तो सल्लागारही होता. त्याची शंका तर्काला सोडून नव्हती. माणसांत चिठ्ठ्या टाकून 'तू ओढ, तू ओढू नकोस' असे कोण सांगणार? पण पुरावा चहूबाजूंनी साचत गेला, आणि एका कपासाठी हट्ट सोडणारा माणूस या ठिकाणी हट्ट सोडीना. १९६२ साली तो वारला. पुराव्याने त्याला चूक ठरवले.

तेव्हा वाचकहो, यंदा आठ नको, सहाच लाडू घ्या; तीन साजूक तुपातले, तीन वनस्पती तुपातले. क्रम चिठ्ठ्यांनी ठरवा. घरातील ज्येष्ठ बाईंना तिन्ही साजूक ओळखता आले, तर नशिबाचा संभव किती, तो मुलांकडून काढून घ्या. (उत्तर : विसात एक.) आमच्या आईची परीक्षा आम्ही पाडव्याला घेणार आहोत. मात्र निकाल काहीही लागो, आधी हसायचे नाही, एवढे आम्ही भावंडांनी ठरवले आहे.