ट्युलिपचे पट्टे आणि भेंडीचा हळद्या

उर्दू-फारसी शायरी वाचणाऱ्याला ‘लाला’ नवा नाही. लाल पाकळ्या आणि तळाशी काळा डाग असलेलं हे फूल. काळजात डाग घेऊन जगणाऱ्या आशिकाला शायरांनी शेकडो वर्षं त्याचीच उपमा दिली. हा शब्द कधी रानातल्या खसखशीच्या जातीच्या फुलालाही वापरला जातो, पण तुर्कांच्या बागेत ‘लाले’ म्हणजे ट्युलिप.

हल्ली मोबाइलवर एक मजकूर फिरत असतो : ट्युलिप ही मुसलमानांनी युरोपला दिलेली देणगी आहे. वाचून छाती फुगते. मजकूर खोटा नाही, पण अर्धा आहे. उरलेली अर्धी गोष्ट एका विषाणूची आहे. ती इस्तंबूलहून निघून हॉलंडमार्गे भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या शहापूरच्या भाजीच्या वाफ्यापर्यंत येते, म्हणून ती इथे सांगतो.

आधी आपला अर्धा भाग. ट्युलिपच्या रानटी जाती मध्य आशियाच्या डोंगरांतल्या. उस्मानी तुर्कांनी त्या बागेत आणल्या, वाढवल्या, त्यांच्या नव्या जाती केल्या. सुलतान सुलेमानच्या काळातले शेखुल इस्लाम अबूसऊद एफेंदी यांचं नावही या शौकिनांत घेतलं जातं. अबजद मोजणीत ‘लाला’, ‘हिलाल’ आणि ‘अल्लाह’ या तिन्ही शब्दांची बेरीज ६६ येते, त्यामुळे या फुलाला एक वेगळा मान मिळाला. १७१८ ते १७३० हा काळ तर तुर्की इतिहासात ‘लाले देवरी’, म्हणजे ट्युलिपचं युग, म्हणूनच ओळखला जातो. तेव्हा कंदांच्या किमती इतक्या चढल्या की सुलतान अहमद तिसरा याच्या सरकारला त्यांवर मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे जहांगीर बादशहा १६२० मध्ये काश्मीरला गेला तेव्हा उस्ताद मन्सूरने तिथल्या फुलांची चित्रं काढली. त्याचं लाल ट्युलिपचं चित्र आज अलीगढच्या मौलाना आझाद ग्रंथालयात आहे.

युरोपात हे फूल सोळाव्या शतकात पोचलं. १५५९ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबर्गच्या एका बागेत कॉन्राड गेस्नर या निसर्गअभ्यासकाने ते पाहिल्याची नोंद आहे. १५९३ मध्ये कारोलुस क्लुसियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ हॉलंडमधल्या लायडेन विद्यापीठात आला, आणि त्याने लावलेले कंद पुढच्या वसंतात फुलले.

तिथल्या बागांत एक नवल दिसू लागलं. एखाद्या वर्षी साध्या लाल किंवा जांभळ्या ट्युलिपचा रंग ‘फुटायचा’. पांढऱ्या किंवा पिवळ्या पाकळीवर ज्वाळांसारखे पट्टे उमटायचे, आणि कुठल्याही दोन फुलांवर ते सारखे नसायचे. लोक या फुलांसाठी वेडे झाले. ‘सेम्पर ऑगस्टस’ ही पांढऱ्यावर लाल पट्ट्यांची जात सर्वांत महाग मानली जायची. फेब्रुवारी १६३७ मध्ये हा बाजार कोसळला. अर्धा देश भिकेला लागल्याच्या गोष्टी नंतर रंगवल्या गेल्या. अलीकडच्या इतिहासकारांनी जुने दस्तऐवज तपासले, तेव्हा त्या बऱ्याच फुगवलेल्या निघाल्या. पण एका कंदासाठी लोक वेड्यासारखे पैसे मोजत होते, हे खरं.

किंमत एवढी का चढली, यातच खरी मेख आहे. बियांपासून लावलेल्या ट्युलिपला फूल यायला पाच-सात वर्षं लागतात, आणि त्या रोपाला पट्टे येत नाहीत. पट्टे हवे असतील तर पट्टेवाल्याच कंदाला फुटलेली पिल्लं लावावी लागतात. पण पट्टे आलेला कंद दरवर्षी खंगत जातो आणि पिल्लंही कमी देतो. म्हणजे ज्या कारणाने फूल सुंदर झालं, त्याच कारणाने ते दुर्मीळही झालं. क्लुसियसलाही हे दिसलं होतं. रंग फुटलेलं झाड पुढे दुबळं होऊन मरतं, असं त्याने लिहून ठेवलं. पण कारण त्याला कळण्यासारखं नव्हतं. बागवानांनी माती बदलून पाहिली, खत बदलून पाहिलं, वेगवेगळ्या रंगांच्या कंदांचे अर्धे भाग एकत्र बांधून पाहिले. कधी पट्टे यायचे, कधी नाही.

गंमत म्हणजे उत्तर त्या शेवटच्या उद्योगातच दडलेलं होतं. ते शोधलं तीनशे वर्षांनी एका बाईने. इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेत काम करणाऱ्या डोरोथी केली यांनी पट्टेवाल्या कंदाचा तुकडा निरोगी कंदाला जोडला. निरोगी कंदाच्या फुलावरही पट्टे आले. १९२८ च्या सुमारास त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पट्टे हा संसर्ग होता. हा संसर्ग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर मावा नेतो, हेही थोड्याच काळात स्पष्ट झालं.

आज त्या विषाणूची ओळख रेणूंच्या पातळीवर पटली आहे. तो ‘पॉटीव्हायरस’ या गटातला. आरएनएचा एकच धागा, त्यावर सुमारे दहा हजार अक्षरं. माणसाच्या जनुकसंचात अशी सुमारे तीनशे कोटी अक्षरं असतात. एवढ्याशा मजकुरातून एक लांबलचक प्रथिन तयार होतं, आणि मग विषाणू स्वतःच त्याचे तुकडे करून दहाएक कामाची प्रथिनं बनवतो. तो पाकळीत जिथे पोचतो तिथे अँथोसायनिन हा रंग नीट तयार होत नाही. मग खालचा पांढरा किंवा पिवळा थर उघडा पडतो. तोच तो पट्टा.

झाडही गप्प बसत नाही. याचा पत्ता लागला तो दुसऱ्या एका शोभेच्या फुलावरून, पेटुनियावरून. १९९० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी जांभळा रंग गडद व्हावा म्हणून पेटुनियात रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातली. फुलं आली पांढरी, काही पांढऱ्या-जांभळ्या ठिगळांची. नंतर कळलं की वनस्पतीच्या पेशी संशयास्पद आरएनए ओळखून तो कापून टाकतात, आणि विषाणूंशी त्या याच हत्याराने लढतात. पॉटीव्हायरसकडे हे हत्यार बोथट करणारं प्रथिन आहे, हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं.

शहापूरच्या उन्हात ट्युलिप येत नाही, त्याला थंडीचे तीन-चार महिने लागतात. पण इथे भेंडी येते, आणि भेंडीवर हळद्या येतो. कुणी त्याला केवडा म्हणतात. पानाच्या शिरा पिवळ्या होतात, मग अख्खं पान पिवळं पडतं, फळं बारीक आणि फिकट राहतात. भेंडी ही जास्वंदीच्याच कुळातली. तिचं फूल पाहिलंत तर नातं लगेच ओळखू येतं. या रोगाची पहिली नोंद आपल्याच भागातली आहे. १९२४ मध्ये जी. एस. कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातल्या पिकांच्या अशा रोगांवर पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाच्या मासिकात लिहिलं. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी या रोगाला ‘यलो व्हेन मोझॅक’ हे नाव दिलं. तो कलमातून आणि पांढऱ्या माशीतून पसरतो, हाताला लागलेल्या रसातून नाही, हेही पुढे सिद्ध झालं. हा विषाणू ट्युलिपच्या विषाणूहून वेगळा. याचा मजकूर डीएनएच्या एका छोट्या कड्यावर असतो, जेमतेम पावणेतीन हजार अक्षरांचा. त्याला जोडीला आणखी एक छोटं उपकडं लागतं. २००३ मध्ये मदुराईच्या संशोधकांनी दाखवलं की दोन्ही मिळाल्याशिवाय खरा हळद्या दिसत नाही.

यावर मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी जे केलं, ते मला हॉलंडच्या गोष्टीइतकंच सांगण्यासारखं वाटतं. त्यांनी ‘पुसा सावनी’ या भेंडीचा संकर तिच्या एका नातलगाशी केला. या नातलगाला मोठी फिकट पिवळी फुलं येतात, आणि परदेशांत तो शोभेसाठी बागेत लावतात. त्याच्या अंगी हळद्याला दाद न देण्याचा गुण होता. तो गुण भेंडीत उतरेपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागली. १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ शेतकऱ्यांच्या हाती आली. ती कायमची ढाल ठरली नाही, कारण विषाणूही बदलत राहतो. पण दरम्यानच्या काळात कितीतरी वाफे तिने वाचवले.

दोन्हीकडे माणसाने निवडच केली. हॉलंडच्या व्यापाऱ्याने डोळ्याला भावलं ते निवडलं आणि नकळत आजार जपला. ‘सेम्पर ऑगस्टस’ आज कुठेही उरलेलं नाही. परभणीच्या संशोधकांनी एका फुलाचं आरोग्य निवडलं आणि ते भेंडीत, म्हणजे आपल्या ताटात आणलं.

म्हणून ट्युलिपचा अभिमान जरूर बाळगावा. ज्या तहजीबने रानातलं फूल ओळखलं, जोपासलं, त्याला नाव आणि कवितेत जागा दिली, ती आपलीही आहे. पण फूल युरोपला कुणी दिलं एवढ्यावर थांबलो, तर आपल्या हाती फक्त पट्टे राहतील. झाड का खंगतंय हा प्रश्न कुठल्याच दरबाराने सोडवला नाही. तो सोडवला चाकू, कंद आणि वही घेऊन बसलेल्या माणसांनी, आणि आपल्या मुला-मुलींसाठीही ते काम शिल्लक आहे. दहावी-बारावीनंतर काय, असं घरात विचारलं जातं तेव्हा डॉक्टर-इंजिनिअरच्या जोडीला वनस्पतींच्या रोगांचा अभ्यास हेही नाव घ्या. भाताच्या आणि भाजीच्या या जिल्ह्यात त्याची गरज आहे.