उच्च गणित आणि भौतिकशास्त्र स्वतः शिकायचं, तर सुरुवात कुठून?

माण तालुक्यातल्या म्हसवडसारख्या गावात राहून उच्च गणित आणि भौतिकशास्त्र शिकायचं, तर पूर्वी पुस्तक मिळवण्यापासून तयारी करावी लागे. आता आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं मोबाइलवर मोफत पाहता येतात. एमआयटीचं ओपनकोर्सवेअरही मोफत आहे. अडतं ते एका प्रश्नावर: आधी काय आणि नंतर काय?

क्रम का महत्त्वाचा?

क्वांटम मेकॅनिक्सचं व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, पण पहिलंच उदाहरण सुटत नाही. त्यात कणाची अवस्था सदिशाने, म्हणजे व्हेक्टरने मांडतात. लिनिअर अल्जिब्रा आलं नसेल, तर गाडी तिथेच अडते. आइन्स्टाइनही याला अपवाद नव्हते. गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांताला लागणारी भूमिती समजून घ्यायला 1912 मध्ये त्यांनी गणितज्ञ मित्र मार्सेल ग्रोसमान यांची मदत घेतली. सिद्धांत पूर्ण झाला 1915 मध्ये.

चार टप्पे

1. कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल समीकरणं. सोबत न्यूटनचं गतिशास्त्र.
2. व्हेक्टर कॅल्क्युलस आणि त्याच्या आधारे विद्युतचुंबकत्व; लाग्रांजची यांत्रिकी.
3. संभाव्यता, क्वांटम मेकॅनिक्स, सांख्यिकीय भौतिकी. गणिताकडे कल असेल तर रिअल अॅनालिसिस आणि अमूर्त बीजगणित. इथून उत्तर काढण्याइतकंच सिद्धता लिहिणं महत्त्वाचं.
4. डिफरन्शियल भूमिती, मग सामान्य सापेक्षता.

प्रगती कशी तपासायची?

किती तास व्हिडिओ पाहिले, हे माप खोटं. प्रकरणामागची उदाहरणं पुस्तक मिटून सोडवावीत. निम्मीही सुटली नाहीत, तर एक पायरी मागे जावं. सिद्धता मात्र दुसऱ्याला दाखवलीच पाहिजे, कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही. गणिताच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी 1993 पासून चालणारं एमटीटीएस शिबिर अशा वेळी उपयोगी पडतं.

पदवीचं काय?

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती, तरी 6174 हा ‘कापरेकर स्थिरांक’ जगभर ओळखला जातो. मात्र एमएस्सी प्रवेशाच्या आयआयटी जॅम परीक्षेसाठी पदवी किंवा पदवीचं शेवटचं वर्ष लागतं. म्हणून कॉलेज सोडून स्व-अध्ययन करण्यापेक्षा, कॉलेज चालू ठेवून ते करणं शहाणपणाचं.