ट्रकच्या पुढच्या चाकांतला 'खेळ'

कोल्हापुरात रेल्वे १८९१ मध्ये आली. ती मिरजेकडून आली आणि इथेच थांबली. पश्चिमेला सह्याद्री आडवा उभा असल्यामुळे कोल्हापूरहून कोकणात जाणारा माल रस्त्यानेच घाट उतरत राहिला. आंबा, भुईबावडा, करूळ आणि फोंडा हे घाट जिल्ह्यातील प्रत्येक ट्रकचालकाला तोंडपाठ असतात.

भरलेला ट्रक असा घाट उतरत असतो तेव्हा त्याची दिशा पुढच्या दोन चाकांच्या मोजक्या सांध्यांवर अवलंबून असते. त्यांपैकी एखादा सांधा निखळला, तर ब्रेक शाबूत असूनही गाडी वळवणे चालकाच्या हातात राहत नाही. सांधा बहुधा एकाएकी निखळत नाही. तो आधी झिजतो आणि त्यात मोकळीक येते. गॅरेजमध्ये 'प्ले आलाय' म्हणतात तो हाच प्रकार. आपण त्याला 'खेळ' म्हणू. हे सांधे कसे आले, ते का झिजतात आणि झीज ओळखण्याची रीत कशी घडली, हे या लेखात पाहू.

बैलगाडीला स्टिअरिंग का नसते?

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली आणि तिथे गुळाची बाजारपेठ उभी राहिली. तो गूळ बैलगाड्यांतून येई. बैलगाडीला चाके दोनच. ती एकाच आखावर, पण एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात. बैल वळले की जू वळते आणि जुवाबरोबर सगळी गाडी वळते. वळणाच्या आतल्या बाजूचे चाक हळू फिरते, बाहेरचे जलद फिरते. दिशा बदलण्यासाठी वेगळा सांधा लागत नाही. झीज होते ती मुख्यतः आख आणि चाकाचा तुंबा यांच्यामध्ये. गाडीवान तिथे वंगण घाली आणि चाक हाताने हलवून ते किती डगमगते हे पाही. सांधा एक, म्हणून तपासणीही एक.

चार चाकांच्या गाडीत प्रश्न अवघड होतो. युरोपातील घोडागाड्यांत पुढचा संपूर्ण आख मध्यभागी एका खिळीभोवती फिरे. वळताना पुढची चाके गाडीखाली शिरत, टेकू अरुंद होई आणि तीव्र वळणावर गाडी कलंडण्याचा धोका असे. म्युनिकचे गाडी बनवणारे गेऑर्ग लांकेनश्पेर्गर यांनी १८१६ च्या सुमारास वेगळा मार्ग काढला. आख स्थिर ठेवायचा आणि त्याच्या दोन्ही टोकांना प्रत्येक चाक आपापल्या उभ्या खिळीवर वळवायचे. लंडनमधील त्यांचे प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये याचे इंग्लंडमधील पेटंट घेतले. त्यामुळे शोध लांकेनश्पेर्गर यांचा असला, तरी पाठ्यपुस्तकांत नाव आकरमान यांचे राहिले.

या रचनेतील भूमिती वर्गात काढून दाखवण्याजोगी आहे. वळताना चारही चाकांनी एकाच केंद्राभोवती फिरले पाहिजे, नाहीतर टायर घासत जातात. समजा, पुढच्या आणि मागच्या आखांतील अंतर ४.२ मीटर आहे आणि पुढच्या दोन खिळींमधील अंतर १.८ मीटर आहे. वळणाचे केंद्र मागच्या आखाच्या रेषेत, आतल्या बाजूपासून ८ मीटरवर घेतले, तर आतले चाक सुमारे २८ अंशांनी वळले पाहिजे आणि बाहेरचे सुमारे २३ अंशांनी. दोन चाकांना जोडणारा दांडा आणि दोन बाजूंचे तिरपे हात मिळून एक समलंब चौकोन होतो. त्यामुळे हा फरक आपोआप, जवळजवळ बरोबर साधतो.

हा प्रश्न पुढेही सोपा नव्हता. कार्ल बेंझ यांची १८८५ ची पहिली मोटारगाडी तीन चाकांची होती, कारण पुढे एकच चाक असले की वळवण्याची अडचण उरत नाही. दोन खिळींवर वळणाऱ्या चाकांचे पेटंट बेंझ यांनी १८९३ मध्ये घेतले आणि मगच त्यांची चारचाकी गाडी आली.

सांधे वाढले, झिजण्याच्या जागा वाढल्या

भारतात टाटांच्या कंपनीने मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. इंग्रजी 'आय' अक्षराच्या आकाराचा घडीव पुढचा आख, दोन्ही टोकांना किंगपिन आणि आखावर कमानपाटे ही रचना आजही बहुतेक अवजड ट्रकांत दिसते.

अशा ट्रकमध्ये चालकाच्या हातापासून चाकापर्यंत काय काय येते, ते मोजू. स्टिअरिंग बॉक्समधून एक आर्म खाली येतो. त्याला ड्रॅग लिंक जोडलेली असते आणि तिच्या दोन टोकांना दोन बॉल जॉइंट असतात. दोन चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडच्या टोकांना आणखी दोन. दोन किंगपिन, प्रत्येकाला वर आणि खाली मिळून चार बुश, आणि वजन पेलणारे दोन थ्रस्ट बेअरिंग. पाट्यांच्या टोकांना, शॅकलसह, प्रत्येक बाजूला तीन पिना. बैलगाडीच्या एका सांध्याच्या जागी आता वीसच्या आसपास जागा झाल्या. जोड आला की झीज आली, आणि झीज आली की तपासणी आली. लांकेनश्पेर्गर यांच्या शोधाचा उरलेला अर्धा भाग म्हणजे ही तपासणी, असे म्हटले तरी चालेल.

झीज टाळता येत नाही, पण ती कुठे व्हावी हे ठरवता येते. किंगपिन कठीण पोलादाची असते आणि तिच्याभोवतीचा बुश मऊ, काशासारख्या मिश्रधातूचा असतो. घर्षणाने आधी बुश झिजावा, महागडी पिन आणि आख वाचावेत, हा हेतू. बुश हा झिजण्यासाठीच केलेला भाग आहे. तो वेळेवर बदलला नाही, तर हा हेतूच फसतो.

इथे कोल्हापूरचा या विषयाशी आणखी एक संबंध येतो. ऊस आणि पाणीउपसा यांसाठी आलेल्या तेलइंजिनांच्या दुरुस्तीतून इथला यंत्रोद्योग वाढला. झिजलेला भाग पाहायचा, मापे घ्यायची आणि नवा ओतून, कातून बसवायचा, हे काम म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीने प्रतिष्ठेला नेले. शिवाजी उद्यमनगर आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या वसाहती त्याच वाटेवर उभ्या राहिल्या. वाहनांसाठी लागणारे ओतीव भाग इथल्या फाउंड्रींतून जातात. पोलादी पाठीवर मऊ मिश्रधातूचा थर असलेले द्विधातू बेअरिंग आणि बुश गोकुळ शिरगावच्या मेनन बेअरिंग्ज या कारखान्यात बनतात.

वंगणाची रीतही बदलली. पूर्वी ग्रीसची छोटी वाटी सांध्यावर बसवून हाताने पिळावी लागे. ऑस्कर झेर्क यांनी १९२९ मध्ये पेटंट घेतलेल्या छोट्या निपलमुळे ग्रीसगनने दाबाखाली ग्रीस भरणे सोपे झाले. ताजे ग्रीस आत गेले की जुने ग्रीस, पाणी आणि धूळ बाहेर येते. निपल बुजले असेल, तर वरून लावलेले ग्रीस काही कामाचे नसते.

लपलेला खेळ कसा दिसतो?

उभ्या ट्रककडे नुसते पाहून किंगपिनची झीज कळत नाही. वजनामुळे पिन बुशच्या एका बाजूला दाबून बसलेली असते. फट असते, पण ती हलत नाही. म्हणून पहिली पायरी म्हणजे चाकावरचा भार काढणे. ट्रक सपाट जागी उभा करून मागच्या चाकांना ठोकळे लावतात, पुढच्या आखाखाली जॅक लावून चाक जमिनीपासून उचलतात आणि आख भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरू नये. यात तडजोड नाही.

मग चाक वर आणि खाली धरून आतबाहेर हलवतात, किंवा टायरखाली पहार घालून उचलून पाहतात. इथे चाक स्वतःच तरफेचे काम करते. समजा, किंगपिनच्या दोन बुशांत २० सें.मी. अंतर आहे आणि त्या अंतरात मोकळीक अर्धा मि.मी. आहे. चाकाचा व्यास सुमारे १ मीटर असेल, तर टायरच्या वरच्या आणि खालच्या कडेत मिळून अडीच मि.मी. हालचाल दिसेल. डोळ्यांना न दिसणारी फट पाचपट मोठी होऊन हाताला जाणवते.

पण चाक हलले म्हणजे किंगपिनच झिजली, असे नाही. चाकाचे बेअरिंग सैल असले तरी चाक असेच हलते. यासाठी मिस्त्री साधी युक्ती करतात. एकाला ब्रेक दाबून ठेवायला सांगतात. ब्रेक लागला की ड्रम आणि किंगपिनवर फिरणारा भाग जणू एक होतात आणि बेअरिंगचा खेळ बाद होतो. आता हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा, राहिली तर किंगपिनचा. एका वेळी एकच घटक बदलायचा, हे प्रयोगशाळेतले तत्त्व इथे रोज वापरले जाते.

टाय रॉड आणि ड्रॅग लिंक तपासताना मात्र चाके जमिनीवरच हवीत. चाके उचललेली असतील, तर स्टिअरिंग हलवताच तीही सहज वळतात आणि सांध्यातला खेळ दिसत नाही. जमिनीने टायर धरून ठेवला की मोकळीक उघडी पडते. एकाने स्टिअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने बाजूला राहून प्रत्येक बॉल जॉइंटवर बोट ठेवायचे. दांडा हलतो पण त्यापुढचा भाग उशिरा हलतो, ती जागा झिजलेली. पॉवर स्टिअरिंग असेल, तर ही तपासणी इंजिन चालू ठेवून करतात. टाय रॉड स्वतःभोवती किंचित फिरला तर तो दोष नव्हे. बॉल जॉइंटची रचनाच तशी असते. दांडा हाताने वरखाली ढकलल्यावर सांध्यात हालचाल झाली, तर तो दोष.

कमानपाट्यांची साक्ष वेगळी असते. पाटा तुटलेला किंवा बाजूला सरकलेला दिसतो. यू-बोल्टजवळ गंजाचे ओघळ किंवा घासून चकचकीत झालेले लोखंड दिसले, तर बोल्ट सैल आहे असे समजावे. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला, तर आख एका बाजूने मागे सरकतो आणि सरळ रस्त्यावरही गाडी एका अंगाला ओढते. टायरही बोलतो. त्याच्या खाचांच्या कडा एका बाजूने धारदार झाल्या असतील, तर चाकांची आपापसांतली दिशा बिघडलेली असते.

कायद्यातील ३० अंश

मालवाहू गाडीला योग्यतेचे प्रमाणपत्र हवे, ही तरतूद १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात होती आणि ती १९८८ च्या कायद्यातही आली. लोक त्याला 'पासिंग' म्हणतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९८ वा नियम सांगतो, की स्टिअरिंगच्या चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त मोकळीक नसावी, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि जोडणारे बोल्ट किंवा पिना निघणार नाहीत अशा जखडलेल्या असाव्यात.

हे ३० अंश म्हणजे किती? ५० सें.मी. व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर सुमारे १३ सें.मी. समजा, स्टिअरिंग २० अंश फिरवल्यावर रस्त्यावरचे चाक १ अंश वळते. मग ३० अंशांच्या मोकळिकीत चाके दीड अंश इकडेतिकडे होऊ शकतात. वरच्याच ट्रकची चाके दीड अंश वळलेली राहिली, तर तो सुमारे १६० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात जाईल. ताशी ३६ कि.मी. म्हणजे सेकंदाला १० मीटर. एका सेकंदात ट्रक सरळ रेषेपासून सुमारे ३० सें.मी. सरकेल, दोन सेकंदांत सव्वा मीटर. घाटाच्या कठड्याशेजारी सव्वा मीटर फार असतो. म्हणून ३० अंश ही निर्धास्त राहण्याची मर्यादा नव्हे. त्यापलीकडे गाडी रस्त्यावर आणूच नये, अशी ती शेवटची रेषा आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. स्टिअरिंगवर मोजलेला अंश ही सगळ्या सांध्यांच्या खेळाची बेरीज असते. चार सांधे थोडे थोडे झिजले, तरी बेरीज २० अंश येईल. तीन उत्तम आणि एक निखळायला आलेला असला, तरीही ती २० अंशच येऊ शकेल. किंगपिनच्या बुशांची झीज तर या बेरजेत नीट उतरतच नाही. बेरीज धोका असल्याची सूचना देते, धोका कुठे आहे हे सांगत नाही. ते सांध्यावर ठेवलेले बोट सांगते. आता चाकाखालची पोलादी प्लेट यंत्राने हलवून सांधे तपासण्याची साधनेही आली आहेत. त्यांमागचे तत्त्व तेच आहे: भार किंवा दिशा बदला आणि कोण उशिरा हलते ते पाहा.

वर्गात काय करता येईल?

दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्या टाचणीने जोडा आणि एका पट्टीचे भोक थोडे मोठे करा. टाचणीपासून ५ सें.मी. आणि ५० सें.मी. अंतरावर पट्टीची हालचाल मोजा. खेळ तोच असून टोकाशी हालचाल दहापट का दिसते, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. मग शाळेची सायकल उलटी ठेवून पुढचे चाक आणि हँडल यांचा खेळ वेगवेगळा ओळखायला सांगा. ब्रेक दाबून बेअरिंग वेगळे काढण्याची युक्ती एखाद्याला आपणहून सुचली, तर त्या दिवशीचा धडा पूर्ण झाला.

उद्यमनगरातील अनेक मिस्त्रींना तरफेचा नियम सूत्राच्या रूपात सांगता येणार नाही. आपल्या अनेक विद्यार्थ्यांना सूत्र येते, पण पहार कुठे घालायची ते माहीत नसते. करूळच्या घाटात उतरणाऱ्या चालकाला या दोन्ही ज्ञानांची गरज असते, आणि त्यांची गाठ पडावी अशी शाळेइतकी सोयीची जागा दुसरी नाही.