उपकार्यक्रम-संग्रह आणि परस्परावलंबनाचा प्रश्न

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव येथे बसून एखाद्या विद्यार्थ्याने आज संगणकास एका ओळीची आज्ञा दिली, की मागितलेल्या संग्रहामागोमाग त्याने नावही न ऐकलेले कित्येक घटक उतरून घेतले जातात. ही सोय अलीकडची आहे. तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र जवळजवळ संगणकाइतकाच जुना होय.

केंब्रिजच्या एडसॅक यंत्रासाठी (१९४९) उपकार्यक्रमांच्या छिद्रित कागदी पट्ट्यांचा संग्रह सिद्ध झाला. विल्क्स, व्हीलर व गिल यांचा तद्विषयक ग्रंथ १९५१ चा. एक उपकार्यक्रम दुसऱ्यावर विसंबून असेल, तर ती दुसरी पट्टीही जोडण्याची आठवण माणसानेच ठेवावयाची असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅकची स्मृती अवघी २०४८ शब्दांची होती. एवढ्या जागेत अनावश्यक घटकास थारा मिळणे शक्यच नव्हते.

ह्या प्रश्नास शास्त्रीय रूप आले ते १९६२ साली आर्थर कान याच्या निबंधाने. ज्याचे कोणावाचून अडत नाही, तो घटक प्रथम काढून घ्यावा. त्यामुळे जे मोकळे होतील ते पुढे घ्यावेत. अखेरीस काही उरलेच, तर त्यांत अवलंबनाचे चक्र आहे असे समजावे. युनिक्स प्रणालीतील ‘टीसॉर्ट’ हे साधन असाच क्रम लावी. त्याची तेथे निकड होती. कारण जोडणी करणारा कार्यक्रम संग्रह एकदाच, आरंभापासून शेवटपर्यंत वाची. बोलावणारा घटक आधी व बोलाविला जाणारा मागाहून, हा क्रम चुकला की जोडणी फसे. दोन घटक परस्परांस बोलावीत असले, तर कोणताही क्रम निर्दोष ठरत नसे! पुढे ‘रॅनलिब’ने संग्रहास अनुक्रमणिका जोडली व संग्रहान्तर्गत क्रमाची अडचण सरली. भिन्न संग्रहांमधील क्रमाची अडचण तेवढ्याने मिटली नाही.

जाळ्याच्या युगात ह्या प्रश्नात मालकीचाही भाग आला. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हा ११ ओळींचा जावास्क्रिप्ट घटक त्याच्या कर्त्याने सार्वजनिक भांडारातून काढून घेतला. तेव्हा त्याचे नावही ठाऊक नसलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी जगभर थांबली. भांडाराच्या चालकांनी काही तासांतच तो परत ठेवला व असे घटक मागे घेण्याचे नियम कडक केले. उतरलेल्या प्रत्येक घटकाची नेमकी आवृत्ती नोंदवून ठेवणारी सूची त्या भांडाराच्या साधनात २०१७ पासून आपोआप तयार होऊ लागली.