पोलीस पदकं : कुणाला, कशासाठी आणि कोण ठरवतं?

प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन जवळ आला की दिल्लीहून पोलीस पदकांची यादी येते. मग बेळगाव असो, पणजी असो, इंदूर असो की हैदराबाद, प्रत्येक ठिकाणी आपल्या भागातलं नाव शोधायची घाई सुरू होते. दुसऱ्या दिवशी बातमीत सरसकट छापलं जातं, ‘अमुक अधिकाऱ्याला राष्ट्रपती पदक’. प्रत्यक्षात त्या यादीत एक नाही, चार वेगवेगळी पदकं असतात. त्यातली दोन धाडसाची आणि दोन सेवेची. शिवाय चारपैकी दोनच ‘राष्ट्रपती’ या नावाची आहेत. हा फरक नुसत्या नावाचा नाही.

या पदकांचं मूळ इंग्रजी अमदानीत आहे. ब्रिटिश साम्राज्यात ‘किंग्ज पोलीस मेडल’ १९०९ साली सुरू झालं. भारतातल्या पोलिसांसाठी वेगळं ‘इंडियन पोलीस मेडल’ १९३२ मध्ये आलं. देश प्रजासत्ताक झाल्यावर १९५१ मध्ये त्यांच्या जागी राष्ट्रपतींचं पोलीस व अग्निशमन सेवा पदक आणि पोलीस पदक आलं. पुढच्या काळात अग्निशमन, होमगार्ड, नागरी संरक्षण, कारागृह अशा प्रत्येक खात्याची पदकं वाढत गेली. ती एकूण सोळा झाली. अलीकडे केंद्राने या सोळांची चारच केली आणि २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाची यादी याच नव्या नावांनी निघाली : राष्ट्रपती शौर्य पदक, शौर्य पदक, विशिष्ट सेवेसाठी राष्ट्रपती पदक आणि गुणवत्तापूर्ण सेवेसाठी पदक. बहुतेकांना आधी गुणवत्तापूर्ण सेवेचं मिळतं आणि काही वर्षांनी, नोंद स्वच्छ राहिली तर, विशिष्ट सेवेचं.

शौर्य पदकांना दरमहा भत्ता असतो. सेवा पदकांना नसतो, तिथे मान हाच मोबदला.

तुकाराम ओंबळे यांचं नाव या संदर्भात हमखास घेतलं जातं आणि तिथेच एक गल्लत होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीत सहायक उपनिरीक्षक ओंबळे यांनी अजमल कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि कसाब जिवंत सापडला. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचा हा माणूस आधी लष्करात होता. त्यांना २००९ मध्ये मरणोत्तर मिळालं ते अशोकचक्र, म्हणजे पोलीस पदक नव्हे, तर शांतताकाळातला देशाचा सर्वोच्च शौर्य सन्मान. तो सैनिकाला, पोलिसाला, साध्या नागरिकालाही मिळू शकतो. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांनाही त्याच वेळी तो दिला गेला. अशोकचक्राच्या त्या यादीत अतिरिक्त आयुक्तांच्या बरोबरीने एक सहायक उपनिरीक्षक बसला, कारण तिथे हुद्दा नाही, त्या रात्री काय केलं ते मोजलं गेलं.

सेवा पदकाची गोष्ट निराळी. तिथे एक रात्र नसते, वीस-पंचवीस वर्षांची नोकरी असते आणि ती दिसते फक्त कागदावर. गोपनीय अहवाल चांगले हवेत, विभागीय चौकशी चालू नको, सचोटीबद्दल शंका नको. शिफारस घटकप्रमुखाकडून निघते, पोलीस महासंचालक कार्यालयात चाळणी लागते, मग राज्याचं गृह खातं, मग केंद्रीय गृह मंत्रालय, शेवटी राष्ट्रपतींची मंजुरी. या साखळीत ज्याचा कागद नीट, त्याचं नाव पुढे सरकतं. ठाण्यात बसून भाऊबंदकीतली मारामारी होण्याआधीच मिटवणारा हवालदार या कागदात कुठे दिसणार? जो गुन्हा घडलाच नाही, त्याचा एफआयआर नसतो.

राजपत्रातही हा फरक उतरतो. शौर्य पदकाच्या अधिसूचनेत घटना कशी घडली, कुणी काय केलं याचं निवेदन छापलेलं असतं. सेवा पदकाच्या यादीत नाव, हुद्दा आणि नेमणुकीचं ठिकाण एवढंच. म्हणजे अधिकाऱ्याने नेमकं काय नवं केलं, कोणती पद्धत बसवली, हे शेजारच्या जिल्ह्यालाही कळत नाही. नेतृत्व आणि नवी कल्पना यांचा गौरव करायचा असेल, तर ही सगळ्यात मोठी उणीव म्हणावी लागेल.

ती भरून काढायचे प्रयत्न झाले, नाही असं नाही. उत्कृष्ट तपासासाठी केंद्रीय गृहमंत्र्यांचं पदक २०१८ मध्ये सुरू झालं. त्याचा फायदा तपासी अंमलदारांना झाला, कारण निकष ठोस होता : गुन्हा, पुरावा, दोषारोपपत्र. पुढे १ फेब्रुवारी २०२४ रोजी ते आणि तशीच इतर काही पदकं एकत्र करून ‘केंद्रीय गृहमंत्री दक्षता पदक’ आलं. विशेष मोहीम, तपास, गुप्तवार्ता आणि न्यायवैद्यक विज्ञान अशी त्याची क्षेत्रं आहेत. सरदार पटेलांच्या जयंतीला, ३१ ऑक्टोबरला, ते जाहीर होतं. पहिल्याच वर्षी ४६३ जणांची नावं त्यात होती. प्रयोगशाळेत बसून नमुने तपासणाऱ्याला यात स्वतंत्र जागा मिळाली, ही चांगली गोष्ट झाली.

दुसरा मार्ग व्यक्तीऐवजी ठाण्याला मान देण्याचा. देशातल्या सर्वोत्तम पोलीस ठाण्यांची यादी केंद्रीय गृह मंत्रालय काढतं. २०२० साली देशभरातल्या १६,६७१ ठाण्यांतून निवडलेल्या दहांमध्ये दक्षिण गोव्याचं सांगे पोलीस ठाणं पाचवं आलं. पहिला नंबर मणिपूरमधल्या नोंगपोक सेकमाईचा. तेलंगणातल्या करीमनगर जिल्ह्यातलं जम्मीकुंटाही दहांत होतं. मुंबई, दिल्ली, बेंगळुरू यांपैकी एकही नाही. मालमत्तेचे गुन्हे, महिलांवरील आणि दुर्बल घटकांवरील अत्याचार, बेपत्ता व्यक्ती, बेवारस मृतदेह यांचा निपटारा कसा झाला यावर आधी चाळणी लागली. शेवटच्या टप्प्यात १९ निकषांना ८० टक्के वजन होतं आणि उरलेले २० टक्के इमारत-सोयी, कर्मचाऱ्यांची वागणूक आणि लोकांचा अभिप्राय यांना. लोकांचा अभिप्राय पदकाच्या कुठल्याच शिफारशीत येत नाही, इथे आला. वजन थोडं वाढवलं असतं तरी हरकत नव्हती.

नवी कल्पना म्हणजे नेहमी ॲप किंवा ड्रोन असतं असंही नाही. हैदराबादेत ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘शी टीम्स’ सुरू झाल्या. साध्या वेशातली लहान पथकं बसथांब्यावर, कॉलेजपाशी उभी राहू लागली आणि छेड काढणाऱ्याला जागेवर पकडू लागली. कल्पना अगदी साधी, पण ती पुढे राज्यभर पसरली. छत्तीसगड आणि तेलंगणाला लागून असलेल्या गडचिरोलीत ‘पोलीस दादालोरा खिडकी’ चालते. दाखले आणि सरकारी योजनांची कामं दुर्गम भागातल्या पोलीस मदत केंद्रांतूनच होतात. तालुक्याला जायची एक फेरी वाचणं म्हणजे तिथल्या माणसाची दिवसाची मजुरी वाचणं. याच जिल्ह्यातल्या सी-६० पथकाच्या जवानांना महाराष्ट्राची बरीचशी शौर्य पदकं मिळतात. खिडकीपाशी बसणारा मात्र त्या यादीत कधी येत नाही.

ग्वाल्हेर-इंदूरच्या वाचकांना के. एफ. रुस्तमजी हे नाव परकं नाही. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले रुस्तमजी १९५८ पासून मध्य प्रदेशचे पोलीस महानिरीक्षक होते, तो चंबळच्या डाकूंचा काळ. १९६५ मध्ये ते सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख झाले. निवृत्तीनंतर त्यांनी बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं सडणाऱ्या कच्च्या कैद्यांबद्दल लिहिलं आणि त्यातूनच १९७९ चा हुसैनारा खातून खटला उभा राहिला, हजारो कैदी सुटले. १९९१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. मध्य प्रदेश सरकार त्यांच्या नावाने पोलिसांना पुरस्कार देतं.

पदक दिलं म्हणजे कायमचं असंही नसतं. दलाची अब्रू घालवणारं वर्तन सिद्ध झालं तर ते काढून घेता येतं. हरियाणाचे माजी पोलीस महासंचालक एस. पी. एस. राठोड अल्पवयीन मुलीच्या विनयभंगात डिसेंबर २००९ मध्ये दोषी ठरले, त्यानंतर २०१० मध्ये त्यांचं पदक गेलं. चकमकींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ च्या निकालात स्पष्ट सांगितलं आहे : चकमक झाल्याबरोबर शौर्य पुरस्कार किंवा आऊट ऑफ टर्न बढती द्यायची नाही, शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच शिफारस करायची. हा खटला पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य असा होता आणि प्रश्न मुंबईतल्या चकमकींचाच होता.

राज्यांचे आपापले सन्मानही आहेत. महाराष्ट्रात पोलीस महासंचालकांचं सन्मानचिन्ह १ मे च्या निमित्ताने जाहीर होतं आणि शिपाई-हवालदारांची नावं त्यात बऱ्यापैकी दिसतात. कर्नाटकात मुख्यमंत्री पदक असतं. ते एरवी २ एप्रिलच्या पोलीस ध्वज दिनाला देतात. २०२४ मध्ये ते राज्योत्सवाच्या दिवशी, १ नोव्हेंबरला दिलं गेलं आणि पदकांवर चक्क ‘मुख्यमंत्री’ व ‘पोलीस’ हे कन्नड शब्दच चुकीचे कोरलेले निघाले. ज्या भाषेच्या उत्सवात पदकं वाटली, त्याच भाषेची ही गत. ती पदकं परत मागवून नव्याने करून द्यावी लागली.